तीन वर्षांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा : घरात कोणी कुठे झोपावे?

सोप्यातली_आई
१४ जून, रात्री ११.५२

आमचे घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, जुन्या बांधणीचे आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर आणि मागे स्वयंपाकघर. सासूबाई, माझे पती, तीन वर्षे दोन महिन्यांची मुलगी, आठ महिन्यांचा मुलगा आणि मी, असे पाच जण आम्ही राहतो. पती गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत कामाला आहेत आणि एका आठवड्याआड त्यांची दुसरी पाळी असते. त्या आठवड्यात त्यांना घरी पोहोचायला रात्रीचे साडेबारा होतात.

बाळंतपणापूर्वी मुलगी माजघरात माझ्याजवळ झोपत असे. बाळ झाल्यावर रात्रीच्या रडण्याने तिची झोपमोड होऊ नये म्हणून आम्ही तिला सोप्यात आज्जींच्या अंथरुणावर झोपवू लागलो. पहिले काही महिने बरे गेले, परंतु एप्रिलपासून ती रात्री उठून माझ्याकडे येऊ लागली आणि आता सुरुवातीपासूनच माझ्याजवळ झोपण्याचा हट्ट धरते. सध्याची व्यवस्था अशी आहे की लोखंडी कॉटवर भिंतीकडे बाळ, त्याच्या शेजारी मुलगी आणि ती खाली पडू नये म्हणून कडेला मी, असे तिघे झोपतो. पती खाली गादी घालतात. सोप्यात साडेदहापर्यंत दूरदर्शन संच सुरू असतो आणि सोपा व माजघर यांच्यामध्ये दार नसून केवळ पडदा आहे, त्यामुळे मुलीला झोप लागायला अकरा वाजतात. शिशुवर्गासाठी तिला सकाळी सातला उठवावे लागते. दुपारी ती तासभर झोपते.

ती रात्री तीन-चार वेळा जागी होते. दोन आणि चारच्या सुमारास माझा हात शोधते आणि हात मिळाला की झोपते, त्याचे मला फारसे वाटत नाही. मात्र पती दुसऱ्या पाळीवरून येतात, तेव्हा ती अचानक उठून बसते आणि डोळे उघडे ठेवून किंचाळत रडते. त्या वेळी ती मला ओळखत नाही, जवळ घेतले तर ढकलून देते आणि दहा मिनिटांनी आपोआप आडवी होते. सकाळी तिला त्यातले काहीही आठवत नाही. सासूबाई दृष्ट काढतात. मी त्यांना विरोध करीत नाही, परंतु मला भीती वाटते.

दसऱ्याला आम्ही फुलेवाडीच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहोत. बिल्डरने दिलेल्या नकाशात एका खोलीवर ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ असे लिहिले आहे. पुण्याच्या जाऊबाईंचे म्हणणे असे की पहिल्या दिवसापासून मुलीला त्या खोलीत स्वतंत्र झोपवावे, म्हणजे तिची झोप सुधारेल. एवढ्या लहान पोरीला रात्री एकटे टाकणे हा निर्दयपणा आहे, असे सासूबाईंना वाटते. झोपण्याच्या जागेचा मुलांच्या झोपेवर खरोखर किती परिणाम होतो, आणि तोपर्यंत या दोन खणांच्या घरात आम्ही काय बदलावे, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.


बालरोग_कोल्हापूर
१५ जून, दुपारी ३.१०

यातील सर्वांत निकडीची बाब आपण विचारलेलीच नाही, म्हणून तिथून सुरुवात करतो. बाळाची सध्याची जागा आजच बदलावी. आठ महिन्यांच्या बाळाशेजारी तीन वर्षांचे मूल झोपवू नये, कारण झोपेत त्याचा हात किंवा पाय बाळाच्या तोंडावर पडला तर ते त्याला कळत नाही, आणि आईला झोपेतही बाळाचे जे भान राहते ते भावंडाला नसते. दुसरे असे की कॉट आणि भिंत यांच्यात बोटभर दिसणारी फट गादी सरकल्यावर वीतभर होते आणि त्या फटीत तोंड अडकून बाळे गुदमरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. झोपेतील आकस्मिक मृत्यूंपैकी बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होतात हे खरे असले, तरी अडकणे आणि तोंड झाकले जाणे हे धोके आठव्या महिन्यातही शिल्लक असतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारित केलेली शिफारस अशी आहे की बाळाने किमान पहिले सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतंत्र, सपाट आणि टणक पृष्ठभागावर, पाठीवर झोपावे. सहा महिने उलटले म्हणून तो पृष्ठभाग मऊ चालतो असे नाही. आपल्याकडे त्यासाठी महागडे सामान लागत नाही. जमिनीवर चटई, तिच्यावर घट्ट भरलेली पातळ गादी आणि नीट खोचलेली चादर एवढे पुरते. मोहरीची उशी डोक्याखाली ठेवत असाल तर ती काढावी, आणि वाकळ कितीही मायेची असली तरी ती बाळाच्या अंगावर नको. पावसाळ्यात डासांसाठी मच्छरदाणी लावावी आणि बंद खोलीत कॉइल जाळू नये. घरात कोणी धूम्रपान करीत असेल, शेजारी झोपणारी व्यक्ती दारू किंवा गुंगी आणणारे औषध घेत असेल, अथवा बाळ मुदतीपूर्वी किंवा कमी वजनाचे जन्मले असेल, तर त्याला मोठ्यांच्या अंथरुणात मुळीच घेऊ नये. सोफ्यावर बाळाला पोटाशी घेऊन डोळा लागणे हे तर सर्वांत घातक असते, आणि रात्री पाजताना दमलेल्या आयांचे नेमके तेच होते.

आता मुलीच्या साडेबाराच्या रडण्याविषयी. आपण केलेले वर्णन इतके नेमके आहे की प्रत्यक्ष न पाहताही हे झोपेतील भयाचे झटके असावेत असे म्हणता येते. हे दुःस्वप्न नव्हे. दुःस्वप्ने पहाटेच्या बाजूला पडतात, मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते आणि सकाळी काहीतरी सांगते. भयाचा झटका मात्र रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात, सर्वांत गाढ झोपेतून अर्धवट बाहेर येताना येतो. शरीर उठलेले असते आणि मेंदूचा बराचसा भाग झोपलेलाच असतो, म्हणूनच ती आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी तिला काही आठवत नाही. अकराला झोपलेल्या मुलीची साडेबाराला नेमकी गाढ झोप असते. त्या क्षणी दाराची कडी वाजते, दिवा लागतो, बोलणे होते. अपुरी झोप आणि मध्येच बसलेला धक्का ही अशा झटक्यांची नेहमीची कारणे आहेत आणि आपल्या घरी ती दोन्ही एका आठवड्याआड जुळून येतात. झटक्याच्या वेळी तिला हलवून जागे करण्याचा प्रयत्न करू नये, तिला लागणार नाही एवढे पाहून शेजारी बसावे. सासूबाईंनी दृष्ट काढली तरी काही बिघडत नाही, फक्त त्यासाठी दिवा लावू नये आणि मुलीला उभे करू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन आणि चार वर्षांच्या मुलांना दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप हवी. आपल्या मुलीची अकरा ते सात म्हणजे आठ तास आणि दुपारचा एक तास धरून बेरीज नऊ होते, आणि त्यातून जागरणे वजा व्हायची आहेत. म्हणजे ती कोठे झोपते हा प्रश्न येण्याआधीच तिला निदान एक तास कमी पडतो आहे. हा तास सकाळी मिळणार नाही, तो रात्रीच काढावा लागेल. इथे उजेडाचा विचार करावा. अमेरिकेत कोलोरॅडो येथे शाळापूर्व वयाच्या ३६ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपण्यापूर्वीचा तासभर ५ ते ४० लक्स एवढ्या मंद उजेडात बसलेल्या मुलांमध्येही मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक सरासरी ७८ टक्क्यांनी घटलेले आढळले. घरातील ट्यूबलाइटचा उजेड त्याहून बराच अधिक असतो. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असल्यामुळे आपल्याला साधा वाटणारा उजेड त्यांच्या डोळ्यांत जास्त शिरतो. पडद्यापलीकडच्या दूरदर्शन संचाचा आवाज आपल्याला जाणवतो, पण त्याचा भिंतीवर नाचणारा उजेड कोणी मोजत नाही.

दोन आणि चार वाजता हात शोधणे हा वेगळा प्रकार आहे. झोप सलग नसते. लहान मुलांत साधारण तासा-दीड तासाने तिचे एक आवर्तन संपते आणि प्रत्येक मूल क्षणभर वर येते. झोप लागताना जे सोबत होते तेच त्या क्षणी हाताशी लागले तर मूल पुन्हा बुडी मारते, नाही तर ते शोधू लागते. हात धरून झोपलेली मुलगी हातच शोधणार. यात विकार काही नाही. आपल्याला त्याचा त्रास नसेल तर बदलण्याची सक्तीही नाही.

ती घोरते का, तोंड उघडे ठेवून झोपते का, रात्री पाय सतत झाडते का, हे आठवडाभर पाहून लिहावे. टॉन्सिल आणि अॅडेनॉइड (नाकामागची ग्रंथी) वाढलेल्या किंवा अंगात लोह कमी असलेल्या मुलांची झोप कोणतीही खोली दिली तरी सुधारत नाही.


दुसरीपाळी
१६ जून, रात्री १२.५५

मी शिरोलीला कामाला आहे आणि आता नुकताच घरी आलो आहे, म्हणून केवळ घरी येण्याविषयी लिहितो.

आमचा मुलगा लहान होता तेव्हा माझे येणे म्हणजे घरात दुसरी संध्याकाळ असे. गाडी दारात बंद करायची, कडी वाजवायची, बायकोने उठून ट्यूब लावायची, भाकरी गरम करायची आणि माझे जेवण होईपर्यंत दोघांनी बोलत बसायचे. आम्हाला दिवसभरात तेवढाच वेळ मिळत असल्यामुळे त्यात गैर आहे असे कधी वाटले नाही. पुढे मी गाडी तालमीपाशीच बंद करून ढकलत आणू लागलो, किल्ली माझ्याकडे ठेवली, बिजागरीला तेल घातले, आणि स्वयंपाकघरात जमिनीलगत एक छोटा पिवळा दिवा बसवला. जेवण डब्यात झाकलेले असे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मी माजघरात पाऊलच टाकत नसे, सोप्यातच अंथरूण घालत असे. बायकोशी बोलणे सकाळच्या चहावर गेले आणि खरे सांगायचे तर सुरुवातीला मला ते फार लागले, कारण झोपलेल्या पोराच्या डोक्यावरून हात फिरवल्याशिवाय दिवस संपल्यासारखा वाटत नसे. ताई, आपल्या पतींनाही तसे वाटत असेल. त्यांना हे नियम म्हणून सांगू नका, कारण सांगा.


निवृत्त_शिक्षिका
१६ जून, सकाळी १०.२०

शिवाजी पेठेतील आमच्या वाड्यात एका छपराखाली चौदा माणसे झोपत असत. पुरुष सोप्यात, बायका आणि लहान मुले माजघरात आणि बाळंतीण आतल्या खोलीत. मुलांची रांग आज्जीपासून सुरू होई आणि सर्वांत धाकट्याला तिच्या कुशीतली जागा मिळे. नवे भावंड जन्मले की आधीच्याला आईपासून आज्जीकडे जावे लागे. आज आपली मुलगी जे करते आहे ते तेव्हाची मुलेही करीत, फरक एवढाच की त्यांच्या सोबतीला आणखी चार चुलत भावंडे त्याच वाटेने गेलेली असत.

परंतु जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना आम्ही एक गोष्ट सांगायला विसरतो. नऊ वाजता दिवे मालवले जात. एवढी माणसे शेजारी शेजारी पडून झोपत, कारण त्या वेळी कोणीच जागे नसे. आज आमच्या पिढीने आज्जीची कूस कायम ठेवली आणि तिच्यापुढे साडेदहापर्यंतची मालिका आणून ठेवली. हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. माझ्या नातवाला मी दोन वर्षे मालिकेच्या जाहिरातींमध्ये गोष्ट सांगून झोपवत होते आणि तो झोपत नाही म्हणून सुनेला दोष देत होते.

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा विषय काढला आणि त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय निघाला, तेव्हा आम्हा शिक्षकांत मोठी चर्चा झाली होती. शाळा उशिरा भरते म्हणून पालकांनी रात्रही उशिरापर्यंत लांबवली, तर त्या निर्णयाने मुलांच्या पदरात काहीच पडत नाही, असे मी तेव्हाही म्हणत असे.

सासूबाईंना अडथळा समजू नये, हे मात्र आग्रहाने सांगते. मुलीला आज्जीकडे पाठवले तेव्हा ती बहुधा ‘बाळ रडते म्हणून’ पाठवली गेली, आज्जीला ती हवी आहे म्हणून नव्हे. मुलांना हा फरक कळतो. आईच्या जुन्या लुगड्याची एक लहान वाकळ आज्जीच्या हातून शिवून घ्या, त्यात मुलीलाही चार टाके घालू द्या, आणि ती वाकळ ‘तिची’ असू द्या. बाळाच्या अंगावर ती नको हे डॉक्टरांनी सांगितलेच आहे, पण तीन वर्षांच्या मुलीला चालेल. शिवाय नवे घर, नवी खोली आणि एकटेपणा या तिन्ही गोष्टी एकाच दसऱ्याला तिच्यावर टाकू नयेत.


आरकेनगर_७
१६ जून, दुपारी १.४५

वरच्या प्रतिसादांशी मी पूर्णपणे सहमत नाही. एकत्र झोपण्याची आपल्याकडे इतकी भलामण होते की स्वतंत्र खोलीचा विचार करणारी आई आपोआप कठोर ठरते. माझा मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत आमच्यामध्ये झोपत होता. तो रात्री आडवा होई, मी कडेला, पती जमिनीवर आणि दुसऱ्या दिवशी बँकेत बसून मी आकडे चुकवत असे. स्वतंत्र खोलीत हलवल्यावर तीन आठवड्यांत तो सलग झोपू लागला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया येथे २३० मातांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, चार महिन्यांच्या आत स्वतंत्र खोलीत झोपू लागलेली बाळे नवव्या महिन्यात आईवडिलांच्या खोलीतील बाळांपेक्षा रात्री ४० मिनिटे अधिक झोपत असल्याचे आढळले होते. आईची झोप ही सुद्धा घरातली झोपच आहे, एवढे कोणीतरी म्हणावे असे वाटले म्हणून लिहिले.


समाजशास्त्र_वर्ग
१६ जून, रात्री ९.३०

आरकेनगर_७ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. त्यांनी दिलेला अभ्यासही खरा आहे, परंतु तो कोठे झाला याला महत्त्व आहे, कारण या विषयात तोच मुद्दा कळीचा ठरतो. २०१० मध्ये झोपेच्या अभ्यासक जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह १७ देश व प्रदेशांतील तीन वर्षांपर्यंतच्या २९,२८७ मुलांच्या झोपेची माहिती पालकांकडून घेतली. न्यूझीलंडमधील मुले सरासरी साडेसातला झोपत होती तर हाँगकाँगमधील सव्वादहाला, आणि आशियाई मुलांची एकूण झोप कमी भरत होती. एवढ्यावरून ‘आशियात मुले आईवडिलांजवळ झोपतात, म्हणून कमी झोपतात’ असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण त्याच माहितीचे पुढचे विश्लेषण केले तेव्हा चित्र उलटले. पाश्चात्त्य देशांत स्वतंत्र खोलीतील मुले ठळकपणे अधिक आणि सलग झोपत होती, आशियाई देशांत मात्र स्वतंत्र खोली असो वा आईची कूस, फरक अगदीच किरकोळ होता. जिथे एकत्र झोपणे हीच रीत आहे तिथे सर्व प्रकारची मुले एकत्र झोपतात. जिथे स्वतंत्र खोली ही रीत आहे तिथे मुख्यतः न झोपणारे मूलच रात्री दोन वाजता आईवडिलांच्या पलंगावर येते, आणि मग पलंग हे कारण वाटू लागते. म्हणून संशोधक ठरवून एकत्र झोपणारी कुटुंबे आणि नाइलाजाने एकत्र झोपणारी कुटुंबे असा भेद करतात. झोपेच्या तक्रारी दुसऱ्या गटात अधिक आढळतात. मूळ प्रश्नातील घर एप्रिलपासून दुसऱ्या गटात गेले आहे, असे मला वाटते.

जाऊबाई आणि सासूबाई यांच्यातील वादाला एक जुना संदर्भ आहे, तो सांगण्याचा मोह आवरत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भुवनेश्वर आणि शिकागो येथील लोकांना एकच कोडे घातले होते. आई, वडील, १५, ११ आणि ८ वर्षांचे तीन मुलगे आणि १४ व ३ वर्षांच्या दोन मुली असे सात जणांचे कुटुंब आहे, तर उपलब्ध खोल्यांत त्यांना कसे झोपवाल? शिकागोच्या उत्तरांत नवराबायकोची खोली स्वतंत्र ठेवणे हे तत्त्व ठळक होते. भुवनेश्वरच्या उत्तरांत दुर्बळाला, म्हणजे लहान मुलाला, रात्री एकटे ठेवू नये हे तत्त्व त्याहून वरचे होते. तीन वर्षांची मुलगी कोणाजवळ झोपवावी हाच प्रश्न तिथेही होता! जपानमध्ये आईवडिलांच्या मध्ये मूल झोपवण्याच्या रीतीला ‘नदी’ या अक्षराची उपमा देतात, कारण त्या अक्षरात दोन लांब रेघांमध्ये एक आखूड रेघ असते. सासूबाई ज्याला निर्दयपणा म्हणतात आणि जाऊबाई ज्याला शिस्त म्हणतात, ती दोन्ही मते झोपेविषयीची नाहीतच. कुटुंबात कोणाची काळजी आधी घ्यायची याविषयीची ती मते आहेत, आणि म्हणूनच झोपेच्या तासांचे आकडे दाखवून त्यांपैकी कोणाचीही समजूत पटणार नाही.


बालरोग_कोल्हापूर
१६ जून, रात्री १०.०५

पेनसिल्व्हेनियाच्या अभ्यासातील आकडे मातांनी सांगितलेले आहेत आणि ते नऊ महिन्यांच्या बाळांचे आहेत, तीन वर्षांच्या मुलीला ते जसेच्या तसे लावू नयेत. चार महिन्यांच्या बाळाला स्वतंत्र खोलीत हलवणे तर सुरक्षित झोपेच्या शिफारशीच्याच विरोधात जाते. एरवी, थकलेल्या आईने खोली बदलली तर त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही.

झोपण्यापूर्वीच्या ठरावीक क्रमाविषयी लिहायचे राहिले होते. २००९ मध्ये ४०५ माता आणि त्यांची सात महिने ते तीन वर्षांची मुले यांच्यावर झालेल्या प्रयोगात आंघोळ, अंगाला तेल किंवा मलम चोळणे आणि मग अंगाई किंवा जवळ घेणे यांसारखी एखादी शांत गोष्ट, एवढा क्रम रोज त्याच पद्धतीने पाळून अर्ध्या तासात दिवा मालवला जाई. दोन आठवड्यांत मुले लवकर झोपू लागली, रात्री कमी उठू लागली आणि मातांची मनःस्थितीही सुधारली. तेल चोळणे आपल्याला कोणी शिकवायला नको, आपण फक्त ते सकाळी करतो.


सोप्यातली_आई
९ जुलै, दुपारी २.३०

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मध्ये दोन आठवडे मी वहीत नोंदी करीत होते आणि पावसाने वीज जाऊन पंखा बंद पडल्यामुळे काही रात्री हिशेबातच धरता आल्या नाहीत.

बाळाची व्यवस्था त्याच दिवशी बदलली. कॉट सोप्यात नेली आणि माजघरात जमिनीवर दोन गाद्या घातल्या, एक बाळाची स्वतंत्र आणि तिच्या शेजारी माझी. मोहरीच्या उशीवरून सासूबाईंशी थोडी बोलाचाली झाली, कारण ती त्यांच्या माहेरून आली होती. आता ती मुलीच्या बाहुलीकडे आहे.

मालिकेचा प्रश्न मी काढला नाही. निवृत्त शिक्षिकांचा प्रतिसाद मी सासूबाईंना संपूर्ण वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवसापासून साडेआठला संच बंद होऊ लागला आणि राहिलेला भाग त्या दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर पाहतात. नऊ वाजता कोमट पाण्याने हातपाय धुणे, तळपायाला खोबरेल तेल, एक गोष्ट आणि मग दिवा बंद, असा क्रम आज्जी आणि नात मिळून पाळतात. पहिल्या आठवड्यात मुलगी दहापर्यंत नुसती पडून बडबडत होती आणि मला वाटले की हे काही जमणार नाही. आता साडेनऊपर्यंत झोप लागते. वाकळ अजून अर्धीच शिवून झाली आहे, तरी ती तशीच अंगावर घेते.

पतींना दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सोप्यातल्या कॉटवर झोपायला सांगायचे म्हटल्यावर मुलगी आणि आज्जी आत घ्याव्या लागल्या, त्यामुळे माजघरात आम्ही चौघे आणि सोप्यात ते एकटे अशी उलटीच मांडणी झाली. मुलगी आज्जीच्या पलीकडे, बाळापासून लांब झोपते. मागच्या दुसऱ्या पाळीच्या सहा रात्रींत साडेबाराचे रडणे फक्त एकदा झाले, आणि त्या रात्री फुटबॉलच्या जुन्या सामन्यावरून गल्लीतच मोठ्याने वाद चालला होता, त्यात यांचा दोष नव्हता. पहाटे चारला ती अजूनही उठून माझ्याकडे येते. मी तिला परत पाठवत नाही, बाळाच्या उलट बाजूला घेते. ती घोरत नाही. लोहाची तपासणी केली, ते थोडे कमी निघाले आणि औषध सुरू केले आहे.

नव्या घरातील ती खोली आज्जी आणि नात या दोघींची, असे ठरले आहे. जाऊबाईंना हे कळवल्यावर त्या म्हणाल्या की मग त्या खोलीला चिल्ड्रन्स बेडरूम कसे म्हणायचे. सासूबाईंनी बिल्डरला वेगळीच गोष्ट विचारली आहे, छताला पाळण्यासाठी कडी का बसवली नाही? तो म्हणतो की स्लॅबला आता भोक पाडणे योग्य नाही. बाळ दसऱ्याला वर्षाचे होईल. कडीसाठी आग्रह धरावा का?


बालरोग_कोल्हापूर
९ जुलै, सायंकाळी ७.१५

धरू नये. वर्षाचे मूल कडेला धरून उभे राहते आणि पाळण्याबाहेर पडते. खरे तर ते बसू लागले तेव्हाच पाळणा काढायला हवा होता. सध्याच्या घरात तो अजून टांगलेला असेल तर आजच उतरवावा.